जुलैतली तात्पुरती दुरुस्ती

तुइरेने इल्पोचा चौसष्ट उघडला तेव्हा आतून आधी धूळ निघाली, मग मांजराचे केस आणि शेवटी एक वाळकी माशी.

"बाई, भाडं न देता बरीच वर्षं राहिलीस," तुइरे माशीला म्हणाली आणि तिला फुंकरीने निरोप दिला.

चौसष्ट म्हणजे कमोडोर सिक्स्टी-फोर. कीबोर्डच्या पोटातच अख्खा संगणक. वार्कौस नावाच्या त्या थंड उत्तरेकडच्या गावात एके काळी ज्या घरात टीव्ही होता, त्या घरात पोरांनी हट्ट करकरून तो आणवलेला असायचाच. त्याच्या पोटात सिड नावाची एक चिप, एका वेळी तीन सुरांत गाणारी. चौसष्टच्या बाकी त्रेसष्ट कला आता कुणाच्या लक्षात नाहीत, पण ती एक आठवली की पन्नाशीतले बाप्ये अजून नाक ओढतात.

अशा माळ्यावर पडलेल्या यंत्रांना उठवायचं, त्यांना पियानोची पट्टी जोडायला खाच करायची, सूर पिळायला वर चार बटणं बसवायची आणि संगणकाचं वाद्य करून परत द्यायचं, हा तुइरेचा उद्योग. एरवी ती शाळेच्या स्वयंपाकघरात वाटाण्याचं सूप ढवळायची. दुरुस्ती चालायची ती राहायची त्या इमारतीच्या तळघरात, चादरी दाबायच्या खोलीत. आता चादरी दाबतंय कोण! त्या लांबलचक टेबलावर तिचं राज्य होतं. शिकवलं कुणीच नव्हतं. बोटं भाजत गेली तशी अक्कल येत गेली.

पण इल्पोचं यंत्र म्हणजे नुसतं गिऱ्हाइकाचं यंत्र नव्हे.

शाळेत असताना गावच्या वाचनालयात संगणकाचा क्लब भरायचा. सगळी पोरंच. तुइरे पहिल्यांदा गेली तेव्हा एकजण म्हणाला, "विणकामाचा वर्ग वरच्या मजल्यावर आहे." सगळे हसले. ती दारातून वळणार, इतक्यात कोपऱ्यातला एक लांबडा मुलगा काही न बोलता बाकावर सरकून बसला. एवढंच. सरकून बसला. तो इल्पो. स्वतःचा चौसष्ट सायकलला बांधून आणायचा आणि त्यावर स्वतः रचलेल्या चाली वाजवायचा. त्या यंत्रातून असा काही घोगरा, ऊबदार आवाज निघायचा, की जणू सॉनाच्या गरम वाफेतून बाहेर आलेला माणूस तळ्याकाठी बसून गुणगुणतोय. त्याच चाली फ्लॉपीवरून दुसऱ्या गावांत गेल्या, तर तिथली पोरं म्हणाली, बरं आहे, पण एवढं काय त्यात? ती वाजवायची आपापल्या यंत्रांवर. इल्पोच्या यंत्राशेजारी बसलेली फक्त वार्कौसची पोरं. आणि तुइरे.

पुढे इल्पोने लाकडाचे ट्रक चालवले. गाणं राहिलं. आणि या उन्हाळ्यात तो खोकं घेऊन तळघराच्या पायऱ्या उतरला.

"एक चाल अर्धी आहे," तो म्हणाला. "तेव्हापासून."

"मग आत्ताच कशी आठवण झाली?"

त्याने उजवा हात पुढे धरला. बोटं आपल्या मनाने थरथरत होती. "डॉक्टरनी याला लांबलचक नाव सांगितलंय. माझं म्हणणं, ही ऐकताहेत तोवर उरकून घ्यावं."

तुइरेने मग जीव ओतला. वाळलेले कंडेन्सर बदलले, सोल्डरचे जुने डाग नवे केले, मांजराचे केस चिमट्याने उपटले. बटणं मुद्दाम मोठी निवडली, थरथरत्या बोटांना सापडतील अशी. टीव्हीशिवाय वाजावं म्हणून छोटा स्पीकर बसवला. चिपच्या शेजारी तिला दोन तपकिरी कंडेन्सर दिसले, जाडजूड, टीव्हीतले. एकमेकांशीही न जुळणारे.

"हे कुठल्या शहाण्याचं काम?" ती कुरकुरली. सिडला एक गाळणी असते. सूर किती उघडा, किती झाकलेला, ते या दोन कंडेन्सरांवर ठरतं. यंत्राच्या नकाशात दिल्याप्रमाणे तिने दोन चंदेरी, नेमके कंडेन्सर लावले आणि तपकिरी जोडी लिंगनबेरीच्या मुरंब्याच्या रिकाम्या बरणीत टाकली. मेलेले भाग ती त्या बरणीत ठेवायची. फेकवायचे नाहीत तिला.

इल्पो आला. तिने कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव पुढे केला. "जिवंत आहे. बोलतोय का, ते तू बघ."

इल्पोने जुनी फ्लॉपी घातली आणि चाल सुरू झाली. सूर सगळे बरोबर. पण आवाज चरचरीत, उघडाबोडका. थंडीत कुणी टोपी काढून घ्यावी तसा.

तुइरेने कॉफीची किटली खाली ठेवली. कारण तिलाही ते ऐकू आलं.

इल्पोने चाल संपेपर्यंत मान हलवली. मग म्हणाला, "छान झालंय. आभारी आहे."

वार्कौसमध्ये कुणी "छान झालंय" म्हटलं की समजावं, काहीतरी फार बिघडलंय.

"इल्पो, खरं बोल."

"खरंच बोलतोय. यंत्र छान आहे. मला वाटायचं, तो आवाज यात होता. यात नव्हता म्हणजे. सतरा वर्षांचे कान होते, त्यांच्यात होता." त्याने कपातली कॉफी संपवली. "विकून टाक. हौशी लोक घेतील."

"आणि अर्धी चाल?"

"अर्धीच राहिली तर कुणाचं काय अडतंय?" असं म्हणून तो पायऱ्या चढून गेला. पाव तसाच राहिला.

तुइरे टेबलाशी बसून राहिली. कान म्हणे! कान त्याचे एकट्याचे होते का? तिनेही ऐकलं होतं ना शेजारी बसून! तिने आपण काय काय बदललं ते मनात उलटं मोजायला सुरुवात केली. आणि नजर लिंगनबेरीच्या बरणीवर गेली.

"अगं सुगरणे," ती स्वतःला म्हणाली, "आजीच्या भांड्यात मुरलेली चव डाग समजून घासून टाकलीस की गं तू."

चंदेरी जोडी काढली. तपकिरी, बेढब, चुकीची जोडी परत जागी बसवली. बटण दाबलं.

आणि तळ्याकाठचा तो माणूस गुणगुणायला लागला.

तिने फोन लावला. "ये."

"काय झालं?"

"ये म्हटलं ना. पावही राहिलाय तुझा."

इल्पो आला, उभ्यानेच ऐकू लागला. मग बसला. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. चाल अर्ध्यावर थांबली.

"हे काय केलंस?"

"बिघडवलं," तुइरे म्हणाली. "म्हणजे आधी सुधारलं होतं, आता पुन्हा बिघडवलंय. कुणीतरी याच्यात टीव्हीचे कंडेन्सर बसवले होते. आवाज त्यांचा आहे. कोण होता तो?"

इल्पोला आठवायला वेळ लागला नाही. गाणं कुठून येतं ते बघायला त्याने एकदा झाकण उघडलं होतं. स्क्रू-ड्रायव्हर निसटून चिपशेजारचं काहीतरी तुटलं होतं. आईने यंत्र तिच्या भावाकडे नेलं. कालेर्वो मामा, टीव्ही दुरुस्तीवाला.

"त्याच्यानंतरच मी चाली रचायला लागलो," इल्पो हळू म्हणाला. "आहे अजून तो. पलीकडे वृद्धाश्रमात. मी जातो तसा... नाताळला."

"आज जाऊ," तुइरे म्हणाली. वाटेत केक घेतला.

कालेर्वो मामा खिडकीशी बसला होता. दोघं खोकं घेऊन आत आलेली बघून त्याने विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही, मामा."

"मग केक कशाला? नाताळला अजून अवकाश आहे."

इल्पोने झाकण उघडून यंत्र त्याच्या मांडीवर ठेवलं. मामाने भिंग लावलं, आणि त्याचा चेहरा पडला. "माझीच करणी ही. जुलै होता रे. सगळी दुकानं सुटीला बंद, अख्खा देश तळ्याकाठी. हाताशी टीव्हीचे होते ते लावले. तुझ्या आईला बजावलं होतं, हे तात्पुरतं आहे, ऑगस्टमध्ये परत आण."

"आई काही बोलली नाही."

"तुझी आई! माझी शिडी नेली ती तरी कुठे परत आणली?" मामा टेबलाच्या खणात चाचपू लागला. ज्येष्ठमधाच्या खारट गोळ्यांची एक डबी काढली, उघडली. आत दोन कंडेन्सर, चंदेरी, नेमके. "मागवून ठेवले होते. वाट बघितली. मग वाटलं, पोराला काम आवडलं नसेल, म्हणून येत नाही."

इल्पोने यंत्राची वायर भिंतीत लावली आणि फ्लॉपी घातली. मग त्याने बटण दाबलं. मामा कानाने अधू. त्याने तळवा स्पीकरवर ठेवला. चाल खोलीभर पसरली, आणि जिथे ती कायम थांबायची तिथे इल्पोने थरथरती बोटं पट्टीवर टेकवून आणखी चार-पाच सूर लावले. एक चुकला. तोही त्या गाळणीतून ऊबदारच आला.

"दबका वाजतोय," मामा गंभीरपणे म्हणाला. "दे इकडे. सोल्डर आणलंय का या बाईने? आत्ता नीट करतो."

"मामा, हात लावलास तर बघ!" इल्पो ओरडला, आणि मग त्याचं हसू फुटलं, डोळे भरले, दोन्ही एकदमच. "माझ्या सगळ्या चाली याच्यावर आहेत. तुझ्या या दोन तुकड्यांवर. मला ठाऊकच नव्हतं, मामा. थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं."

मामाने तळवा काढला नाही. तुइरेने केक कापायला घेतला, कारण कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं. मामाशेजारच्या बाकावर बसलेला इल्पो सरकला आणि तिला जागा करून दिली.

शेवटी मामाने डबीचं झाकण लावलं. "ठीक आहे. नकोत तर नकोत. पण काम तात्पुरतं आहे, मी सांगून ठेवतो. ऑगस्टमध्ये आण."

"आणतो," इल्पो म्हणाला. "चाल पुरी करून आणतो."