तांबडीची मऊ अंडी

चिमणाबाईनं खुराड्यात हात घातला आणि ती शहारलीच. हाताला लागलं ते अंडंच होतं, पण कवच नसलेलं. नुसत्या पापुद्र्यात बांधलेलं, पाणी भरलेल्या पिशवीसारखं लिबलिबीत. घालणारी कोण ते तिला पक्कं ठाऊक होतं. तांबडी! साऱ्या कोंबड्यांत देखणी आणि साऱ्यांत आगाऊ.

"आई, मी सांगतोय ते ऐक," दात घासता घासता तिचा लेक सम्राट म्हणाला. "हिची अंडी फुटत्यात आन् बाकीच्या टोचून खात्यात. एकदा चटक लागली की समद्याच आपली अंडी खात बसतील. रविवारी ह्या तांबडीचाच तांबडा रस्सा करू."

पोरगं बोलत होतं ते खोटं नव्हतं, म्हणूनच तिला त्याचा जास्त राग आला. तांबडी एकट्या चिमणाबाईची असती तर गोष्ट वेगळी होती.

कळंबा गावात तिच्या घरामागच्या परड्याला लागूनच रत्नाबाईंचं परडं. मध्ये कमरेएवढी भिंत. रत्नाबाई जैन, वयानं मोठ्या, म्हणून चिमणाबाई त्यांना आक्का म्हणायची. रोज सकाळी बस्तीतून, म्हणजे त्यांच्या देवळातून, देवदर्शन करून आल्या की आक्का पदरात जोंधळे घेऊन भिंतीपाशी उभ्या राहत आणि मुठीमुठीनं कोंबड्यांना टाकत. मुक्या जिवांना दाणा घालायचा हा त्यांचा नेम. नवरा, जिनपालअण्णा, गेल्यापासून मात्र तो नुसता नेम राहिला नव्हता. मुलगा पुण्याला, घरात बोलायला चिटपाखरू नाही. तांबडी उडी मारून भिंतीवर चढायची, आक्कांच्या तळहातावरचे दाणे टिपायची आणि आक्का तिला घरचं सगळं सांगायच्या. भाजी काय केली, गुडघा किती दुखला, सगळं. अशी कोंबडी पातेल्यात टाकायला चिमणाबाईचं मन धजेना.

तिनं तांबडीला पिशवीत घातलं आणि रिक्षा करून जनावरांचा दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी कोंबडीच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपली.

"हिला खायला काय घालता?"

"दुकानातलं, अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य घालतो की."

"इथं तर नुसते जोंधळे लागतायत हाताला. सकाळीच दाण्यानं पोट भरलं तर ते खाद्य कोण खाणार? कवच व्हायला चुना लागतो, तो जोंधळ्यात कुठला? सकाळचा दाणा बंद करा. शिंपल्यांचा चुरा नाहीतर चुनखडीची कच वेगळ्या वाडग्यात ठेवा."

हसावं की रडावं, चिमणाबाईला कळेना. तांबडीच्या जिवावर उठली होती ती आक्कांची मायाच!

आता हे आक्कांना सांगायचं कुणी? एरवी भर बाजारात भाजीवालीशी हुज्जत घालणारी ही बाई, पण इथं तिच्या तोंडाला कुलूप लागलं. इतक्या वर्षांत तिनं आक्कांसमोर अंड्याचं नाव काढलं नव्हतं. गिऱ्हाइकं पुढच्या दारानं यायची, टोपली पदराखाली झाकून जायची. आक्काही कधी विचारत नसत. त्यात दाणा घालू नका म्हणायचं म्हणजे त्यांच्या पुण्यालाच हात घालायचा.

मग तिनं नको तो शहाणपणा केला. सकाळी खुराडं उघडलंच नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून चोरासारखी बघत राहिली. आक्का आल्या. "तांबडे, ये गं," म्हणून त्यांनी हाक मारली. मूठ धरून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि जोंधळे तसेच घेऊन घरात गेल्या. पुढच्या सकाळी पुन्हा तेच, फक्त या वेळी जाताना आक्कांनी डोळ्याला पदर लावला. चिमणाबाईला ते बघवलं नाही. मेला तो संकोच, म्हणत ती तरातरा भिंतीपाशी गेली.

"आक्का! तुमच्या दाण्यानं माझ्या कोंबडीची अंडी मऊ पडायला लागल्यात. आन् सम्राट तिला रविवारी कापतो म्हणतोय!"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. आक्का वळल्या.

"म्हंजे जित्ती हाय?" त्या लगबगीनं भिंतीपाशी परत आल्या. "मला वाटलं, कापलीसा." मग एकदम भडकल्या. "आधी सांगायला काय झालतं गं तुला?"

"तुमच्याम्होरं अंड्याचं नाव कसं काढू? कवापास्नं सांगायचं म्हणत हुतो..."

"मी जैन हाय, आंधळी न्हाय! कोंबड्या काय शोभेला पाळतीस, एवढं कळत न्हाय व्हय मला?"

दोघींनाही हसू फुटलं. चिमणाबाईच्या मनावरचं ओझं उतरलं आणि तिनं डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगून टाकलं. शिंपल्यांचं नाव निघताच आक्कांनी हात वर केला.

"शिंपला म्हंजे कुठल्या तरी जिवाचं घर. मी हात लावणार न्हाय. चुनखडी काय असती?"

"दगुड की. नुसता दगुड."

"मग ती आणून दे, मी घालतो. जोंधळं आता संध्याकाळी, तेबी चिमूटभर. पर सकाळी मी हितं येणार म्हंजे येणार."

सम्राटचा रस्सा पुढं ढकलला गेला. तो कुरकुरला, पण आईपुढं त्याचं काय चालतंय? आक्का बस्तीतून आल्या की वाडग्यात चुनखडीची कच ओतायच्या. तांबडीनं आधी मान फिरवली, मग जोंधळे येत नाहीत म्हटल्यावर मुकाट टिपायला लागली. पापुद्र्यावर पातळ, खरबरीत कवच धरायला लागलं.

आणि एका सकाळी तांबडीनं ओरडून परडं डोक्यावर घेतलं. चिमणाबाई अंडं घेऊन भिंतीकडं धावली.

"आक्का, बघा!"

आक्कांनी हात मागं घेतले, पण नजर काही हटेना.

"घट्ट हाय?"

"व्हय की!"

"लांबनं काय कळतंय मला?"

चिमणाबाई घुटमळली. हातात घेऊन बघा म्हणायची सोय नव्हती. मागून सम्राट पुटपुटला, "गेला माझा रस्सा."

"वाजवून दाखव," आक्का म्हणाल्या.

चिमणाबाईनं अंडं भिंतीच्या दगडावर हलकेच वाजवलं. टक्. टक्. आक्का डोळे मिटून, कान देऊन ऐकत राहिल्या. तोंडभर हसू पसरलं होतं.

"आनी एकदा," त्या म्हणाल्या.