गेटवर ठेवलेल्या काठ्या

डॉक्टरीणबाईंच्या हाताला यश आहे, असं सगळेच म्हणायचे. सगळेच म्हणायला लागले की माणसालाही ते पटायला फार वेळ लागत नाही. बाई हाडांच्या डॉक्टर. शिडीवरून पडलेली, गाडीने उडवलेली, जिन्यावरून घसरलेली माणसं त्यांच्यापुढे येऊन पडायची. नडगीचं हाड गुडघ्याजवळ मोडलं की जुन्या पद्धतीत पाय लांबलचक उघडायचा, प्लेट बसवायची आणि माणसाला कित्येक आठवडे पाऊल टेकू द्यायचं नाही. बाईंनी वेगळी रीत बसवली होती. छोटीशी चीर, तिच्यातून आत सरकवलेली प्लेट आणि लवकरात लवकर चालणं.

या रीतीवर त्यांचं संशोधन चाललं होतं. ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाला ठरावीक महिन्यांनी बोलवायचं, चालायला लावायचं, दुखतं का, जिना चढता का, कामावर गेलात का, हे विचारायचं आणि उत्तरांना गुण द्यायचे. गुण असे पडत होते की वर्गातल्या हुशार मुलांनीही मान खाली घालावी. पुढच्या महिन्यात एका मोठ्या परिषदेत बाई हे निकाल मांडणार होत्या. ते लोकांना पटले, तर गावोगावचे डॉक्टर याच रीतीने पाय जोडू लागणार होते.

आकडेमोड सांभाळणारे एक गृहस्थ होते, त्यांना सगळे मास्तर म्हणत. ते सुरुवातीलाच म्हणाले होते, "ऑपरेशन तुम्ही केलंत ना? मग तपासणी दुसऱ्या कुणाला तरी करू द्या."

"माझ्या पेशंटना माझ्यापेक्षा जास्त कोण ओळखतं?" बाई फणकारल्या होत्या.

"ते तुम्हाला ओळखतात, तीच तर पंचाईत आहे," मास्तर म्हणाले होते. पण आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. बाईंनी हट्ट सोडला नाही आणि मास्तरांनी नाद सोडला.

एक मात्र खरं, बाईंचा जीव होता पेशंटवर. कुणी "अजिबात दुखत नाही" म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा. नर्सला हाक मारून त्या त्याला पुन्हा एकदा चालायला लावायच्या, कौतुकाने बघत राहायच्या. आणि कुणी "थोडं दुखतंय" म्हटलं, तर रागवायच्या नाहीत. नुसत्या गप्प व्हायच्या. ते गप्प होणं पेशंटला रागावण्यापेक्षा जड जायचं, आणि बाईंना त्याचा पत्ताच नव्हता.

त्या दिवशी गाडी दुरुस्तीला दिलेली, म्हणून बाई एरवीच्या मागच्या दाराने न येता मोठ्या गेटमधून पायी आल्या. गेटवर रखवालदाराची केबिन होती. रखवालदाराच्या मिशा आणि सलाम बघून लोक त्याला फौजी म्हणत. केबिनचं दार उघडं होतं आणि आत भिंतीला टेकवून काठ्यांची रांग लागली होती. एक कुबडीही होती. प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी.

"काय हो फौजी, दुकान टाकलंत की काय?"

"नाही मॅडम, ठेव आहे," फौजी अभिमानाने म्हणाला. "तुमच्याच पेशंटची. आत जाताना ठेवतात, बाहेर येताना नेतात. मागे एका आजींची काठी भलताच माणूस घेऊन गेला, केवढा तमाशा झाला! तेव्हापासून मी चिंध्या बांधायला सुरुवात केली."

बिचाऱ्याला वाटलं, मॅडम व्यवस्थेचं कौतुक करतील. मॅडम पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

त्या सकाळी बाईंनी ओपीडी नेहमीसारखीच केली, पण बघण्याची नजर बदलली होती. सुतारमामा आले. बाईंच्या पेशंटांमधला हा पहिला नंबर, परिषदेत दाखवायच्या चित्रांत यांचाच पाय होता. मामा दारापासून टेबलापर्यंत ताठ चालत आले.

"कसं काय मामा?"

"एकदम खणखणीत!" मामा म्हणाले. त्यांच्या वरच्या ओठावर घाम होता आणि खुर्चीची पाठ त्यांनी घट्ट धरली होती. हे मागच्या वेळीही असणार. बाईंनी तेव्हा पाहिलं नव्हतं.

मामा बाहेर पडले तशा बाई मागच्या जिन्याने उतरल्या, फौजीला उठवलं आणि त्याच्या खुर्चीत जाऊन बसल्या. थोड्या वेळाने मामा आणि बाहेर थांबलेल्या त्यांच्या पत्नी, काकू, गेटपाशी आले. आता मामांचा सगळा भार काकूंच्या खांद्यावर होता. काकूंनी आत न बघताच हात पुढे केला.

"दे रे बाबा, निळी चिंधी."

बाईंनी निळ्या चिंधीची काठी त्यांच्या हातात दिली.

मामांचं पितळ असं भर रस्त्यात उघडं पडलं. तरी गडी हार मानेना. "ही होय? ही आपली कुत्र्यांसाठी. आमच्या गल्लीत फार झालीत."

"कुत्र्यांसाठी!" काकूंचा बांध फुटला. "अहो बाई, रात्र रात्र तळमळतात. जिना चढवत नाही म्हणून बाहेरच्या खोलीत झोपतात. हत्यारांची पेटी मुलाने माळ्यावर टाकली, आणि इथे येऊन सांगतात, रोज कामावर जातो!"

"मामा, मला का नाही सांगितलंत?"

मामा काठीच्या मुठीकडे बघत राहिले. "कसं सांगू? माझ्या पायासाठी तुम्ही दोन दिवस घरी गेला नाहीत. तुम्ही एवढ्या आशेने विचारता. आणि बाहेर बाकावर सगळे म्हणत होते, बाईंची मोठी परीक्षा आहे पुढच्या महिन्यात. म्हटलं, आपल्या एका पायापायी कशाला नापास व्हायच्या!"

बाईंना हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. मग संताप आला, मामांचा नव्हे, स्वतःचा. पेशंटचं सगळं आपल्याला कळतं असं आपण समजत होतो, आणि ही म्हातारी माणसं आपल्याला सांभाळून घेत होती! त्यांनी मामांचा दंड धरला आणि काठीसकट त्यांना परत आत नेलं.

"आता दुखेल तिथे ओरडायचं. लाजायचं नाही."

बाईंनी गुडघ्याखाली अंगठा दाबला आणि मामा ओरडले. मग स्कॅन झाला. साध्या एक्स-रेमध्ये प्लेटच्या आड झाकलेली एक फट त्यात स्वच्छ दिसली. हाड मागच्या बाजूने जुळलंच नव्हतं. खणखणीत आहे असं माणूसच सांगत असताना प्लेटच्या मागे शोधायला कोण जातं?

"पुन्हा ऑपरेशन करावं लागेल, मामा. अजून वेळ गेलेली नाही. पण प्लेट तुटली असती तर पाय कायमचा अधू झाला असता."

"म्हणजे शेवटी मी तुम्हाला नापास केलंच."

"तुम्ही नाही. मीच तुम्हाला बोलू दिलं नाही."

संध्याकाळी मास्तर खोलीत आले, तेव्हा बाई स्कॅनसमोर बसल्या होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांनाही ठाऊक होतं. फौजी बोलणार नव्हता, पेशंट तर मुळीच नाही. मूठ झाकलेली राहिली असती आणि हीच रीत दूरच्या दवाखान्यांत गेली असती, दुसऱ्या कुणाच्या मामांच्या पायात. कदाचित रीत चांगली असेलही. पण ती चांगली आहे की लोक चांगले आहेत, हे आज कुणालाच सांगता येत नव्हतं.

"परिषदेतून माझं नाव काढा," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना पुन्हा बोलवू. तपासायला माणूस बाहेरचा हवा. आणि मी खोलीत नको."

मास्तर 'मी म्हटलं होतं' असं म्हणू शकले असते. ते फक्त म्हणाले, "चहा घेणार?" आणि बाईंना त्यांचे पाय धरावेसे वाटले.

दुसऱ्या इस्पितळातून एक तरुण फिजिओथेरपिस्ट आली. कामात चोख, हसण्यात कंजूष. 'काठी घेऊनच आत यावे' अशी पाटी तिने पहिल्याच दिवशी दारावर लावली. बाई बाहेर बाकावर बसल्या, पेशंट बसतात तिथेच. शेजारी मामा. त्यांना ऑपरेशनसाठी भरती करून घेतलं होतं आणि वॉर्डात करमत नाही म्हणून ते इथे येऊन बसले होते.

एक आजी आत गेल्या. बाईंकडे आल्या की या आजी गुडघा वाकवून दाखवायच्या आणि वर बाईंची दृष्ट काढायच्या. दार बंद झालं. आणि आतून आवाज आला, "आई गं! नको गं बाई, तिथे नको!"

बाईंनी हा आवाज कधीच ऐकला नव्हता. त्या ताडकन उठल्या आणि त्यांचा हात दाराच्या कडीवर गेला.

"बसा, बाई," मामा म्हणाले. "तुम्ही आत गेलात की आजी हसायला लागतील."

बाई बसल्या.