गाळाला विसरायला लागणारे वीस तास

बसमधून उतरलो तेव्हा दुपारच्या सुरुंगाला पाऊण तास उरला होता. कॉलेजातल्या प्रयोगशाळेचा सहायक बशीर माझ्यासोबत होता. त्याच्या हातातल्या काचेच्या बरणीत खाणीत कोळसा धुऊन उरलेला गाळ होता.

तो गाळ अकरा वर्षे एका तळ्यात साठत आला आहे. तळ्याला मातीचा बांध आहे आणि बांधाखाली वस्ती. नियम असा की भोंगा वाजला की सुरुंगाने उडणाऱ्या दगडांपासून वाचण्यासाठी वस्तीने घरे सोडून बांधावर जाऊन उभे राहायचे, कारण बांध दगडांच्या टप्प्याबाहेर पडतो. एवढा विचार करून खाणीचा सुरक्षा विभाग थांबला होता. अशा थांबण्याला तिथे परिपत्रक म्हणतात.

अशा गाळांच्या अभ्यासात माझी नऊ वर्षे गेली आहेत. स्थिर ठेवला की त्याचे सूक्ष्म कण एकमेकांना धरतात आणि तो घट्ट होतो. हादरा बसला की पकड सुटते, तो सरकू लागतो आणि सरकताना बांधावर असा आडवा जोर लावतो, जो स्थिर गाळाच्या कोणत्याही कोष्टकात सापडत नाही. हादरा थांबला म्हणून हा जोर लगेच ओसरत नाही. झालेले विसरायला या गाळाला, माझ्या मोजणीप्रमाणे, वीस तास लागतात. दिवसाला एकच सुरुंग होता तोवर तो रोज विसरत असे. १९९८च्या दिवाळीपासून दिवसाला तीन सुरुंग होऊ लागले.

हे मी खाणीच्या अभियंत्याला लेखी कळवले. त्याने नमुना दोन दिवस टेबलावर ठेवला, घट्ट झाल्यावर तपासला आणि बांध सुरक्षित असल्याचे उत्तर धाडले. टेबल सुरक्षित होते याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

म्हणून मी थेट वस्तीत आलो. पण बसच्या धक्क्यांनी माझे प्रात्यक्षिक वाटेतच उरकून टाकले होते. वस्तीतल्या रुखमाबाईने बरणी तिरपी करून पाहिली.

"हे तं ताकावानी पातर हाय, सर. आमच्या बांधामागचा पाहा. त्याच्यावर कुत्रे झोपते."

"सकाळी हा बी तसाच होता, बाई," बशीर म्हणाला. "खुदा की कसम, उलटी केली तरी सांडत नव्हता. बसनं हलवला."

"मंग आमच्या बांधावरून कोनती बस जाते?" तिचा नवरा लटारू म्हणाला. सगळे हसले.

"सुरुंग," मी म्हणालो. "दिवसातून तीनदा."

हसू थांबले. रुखमाबाईने विचारले, "मंग जावं कुठी? घरात राह्यलं तं दगड. मंगलीचा दगडानं मोडलेला खांदा पाह्यला नाई का तुम्ही?"

"सडकेपलीकडे जा."

"भोंगा दहा मिनिटं आंधी वाजते. सडकेपर्यंत म्हाताऱ्यायले वीस लागते."

हे साधे गणित माझ्या नऊ वर्षांत नव्हते.

"मी घरातच राह्यतो," लटारू म्हणाला. "गुडघे दुखून राह्यले. सर म्हनते तं बांधापरीस खाट बरी."

भोंगा वाजला. वस्ती बांधावर गेली. आम्ही तिघे लटारूच्या खाटेखाली पोटावर पडलो. जमीन हलली, मग छपराचे कवेलू फुटले आणि नारळाएवढा दगड खाटेची सुतळी तोडून आत आला. लटारूचा हात कोपराखाली मोडला.

बांध टिकला.

लोक खाली आले. रुखमाबाईने नवऱ्याचा हात पाहिला, मग माझ्याकडे.

"बांध कुठी फुटला, सर?"

"आज टिकला. पण आता तो सकाळपेक्षाही..." बशीर आपला रुमाल फाडून लटारूचा हात बांधत होता. तिसरा सुरुंग पाचला होता आणि बस साडेपाचला.

मी अक्षरशः हात जोडले. "भोंग्याची वाट कशाला बघायची? आत्ताच सडकेवर चला. सगळेच."

"आन उद्या?"

"उद्याचं उद्या बघू."

"उद्या बी तीनदा? परवा? काम कवा करावं, सर? तुम्ही येसाल का रोज सांगाले?"

कोणीतरी म्हणाले, "सरले घरी सोडून या रे." यावर कोणी हसले नाही. अभियंत्याच्या पत्रापेक्षा भक्कम पुरावा आता प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर होता, आणि तो मीच मिळवून दिला होता. मी सांगत राहिलो. लोक भाकरी खाऊ लागले. बशीर दवाखान्यासाठी गाडी शोधायला सडकेकडे धावला तो परतलाच नव्हता.

पाचला दहा कमी असताना भोंगा वाजला. लटारूला चालवत नव्हते. त्यांनी त्याला त्या फाटक्या खाटेवर घोंगडी टाकून निजवले आणि बांधाकडे न्यायला उचलले. उचलणारे तिघेच होते. खाटेचा चौथा खूर जमिनीला घासत होता आणि प्रत्येक झटक्याला लटारू ओरडत होता.

चौथा खूर मी धरला.