भीमनगरचा नळ

पिंपरवाडीच्या भीमनगरात भामाबाई एकटीच राहिली होती. शेजारपाजारचे कोणी लातूरला गेले, कोणी पुण्याला. तिचा अश्वजितही लातूरच्या डाळमिलीत लागला आणि बायकोला आणि लेक समीक्षाला घेऊन तिकडंच राहिला. "माय, तू बी ये," म्हणून त्यानं इतका जीव खाल्ला, की शेवटी भामाबाईनं भांडी पोत्यात भरली.

तेवढ्यात दुकानदार आणि पंचायतीचे जुने मेंबर उमाशंकरअप्पा दारात आले. सरपंचपद अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव निघालं होतं.

"भामाबाई, आता तुमच्याबिगर गावात हाय कोन?"

तिला नवरा आठवला. वस्तीत नळ यावा म्हणून रामकिशननं पंचायतीचे उंबरे झिजवले होते. "वस्ती उंचावर हाय, पानी चढत न्हाई," असं तेव्हा सांगणारे हेच अप्पा. नवरा हंडे वाहता वाहताच म्हातारा झाला आणि गेला.

"ऱ्हाते मी," ती म्हणाली.

कुणी विरोधात उभंच राहिलं नाही. पहिल्याच बैठकीत तिनं नळाचं काढलं. भांडायचं म्हणून ती पदर खोचून गेली होती, पण कुणी हूं की चूं केलं नाही. अप्पाच म्हणाले, "करून टाका. आता कोन अडवतंय?"

उन्हाळ्याच्या तोंडावर पाइप आला. पाणी भसाभसा चढलं. भामाबाईनं ओंजळ भरली खरी, पण न पिताच खाली सोडून दिली. आजूबाजूला सगळ्या दारांना कुलपं. इतकं सोपं होतं, तर त्या माणसाला का झुलवलं?

तरी तिनं हुरूप धरला. जयंती जवळ आली होती. ज्याचा त्याचा नंबर हुडकून तिनं फोन लावले. "पानी आलंय. औंदा जयंती गावात करू, या." सगळे हाव म्हणाले. तिनं विहारासमोरचं अंगण सारवलं, मोठ्या पातेल्यात खीर रांधली.

ऊन चढलं, एसटी येऊन गेली. तिच्यातून कोणी उतरलं नाही.

शेवटी उमाशंकरअप्पा तेवढे आले आणि टोपी काढून बाजूला उभे राहिले. भामाबाईनं झेंडा वर ओढला आणि वंदना सुरू केली. एक ओळ म्हणून ती सवयीनं थांबली. मागून सगळ्यांनी म्हणायची ती. मागं कोणीच नव्हतं. अप्पांना शब्द येत नव्हते. मग प्रत्येक ओळ तिनंच दुसऱ्यांदा म्हटली.

अप्पांनी वाटीभर खीर खाल्ली. वाटी खाली ठेवताना म्हणाले, "रामकिशनला आमी लई तरास दिला."

"आता काय त्याचं," भामाबाई म्हणाली आणि पातेलं झाकायला वळली.

संध्याकाळी अश्वजितचा फोन आला. मागं ढोल-ताशे, डीजे.

"माय, मिरवनुकीत हाय! समीक्षा नाचायलीय. यायला जमलंच न्हाई बघ. तिकडं आले का गं सगळे?"

भामाबाईनं भरल्या पातेल्याकडं बघितलं.

"हाव, लई जन आले बाबा," ती म्हणाली. "पोरीला गर्दीत लई नाचू दिऊ नको."

फोन ठेवून ती उंबऱ्यावर बसली आणि मग तिला रडू आवरलं नाही.