मेंढी टेकडी आणि माझ्यातले दोन नकाशे

मी वासंतीबाईंच्या डाव्या मनगटावरून बोलतोय. मला घड्याळ म्हणतात, पण वेळ सांगणं हे माझ्या कामांतलं सगळ्यात हलकं काम. मी पावलं मोजतो, छातीचे ठोके मोजतो, हवेच्या दाबावरून उंची ओळखतो आणि उपग्रहांना विचारून आपण कुठे उभे आहोत ते सांगतो. एवढं करूनही 'घड्याळ खोटं बोललं' असं बिबवेवाडीतल्या सकाळी फिरायला जाणाऱ्या एका मंडळाचं ठाम मत झालं आहे. आरोप करणाऱ्यांनी माझी बाजू ऐकलेली नाही. तुम्ही ऐका आणि मग काय तो निकाल द्या. मला स्वतःला तो अजून लावता आलेला नाही.

जन्माचं फारसं आठवत नाही. कारखान्यात मला एका पेटीत ठेवून आतली हवा कमीजास्त केली, आणि हा समुद्र, हा डोंगर असं शिकवलं. दोन्हींतलं काहीच मी पाहिलं नव्हतं. न पाहिलेल्या गोष्टींवर विश्वास ठेवायची सवय मला तिथेच लागली.

म्युनिकच्या एका दुकानात उत्कर्षाने मला विकत घेतलं. ती विश्रांतवाडीची. कंपनीने तिला काही महिन्यांसाठी तिकडे पाठवलं होतं. तेव्हा माझ्या पोटात सगळा युरोप भरलेला होता. जंगलं, पायवाटा, झरे आणि समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या बारीक तपकिरी रेषा. या रेषा जवळ आल्या की चढ, आणि एकात एक वर्तुळं झाली की टेकडी. त्या वाचता आल्या तर सपाट काचेवर डोंगर उभा राहतो.

मग मी पुण्यात आलो. आळंदी रस्त्यावर तिने नकाशा उघडला, तर माझ्या काचेवर नुसता करडा रंग. समोर बस, रिक्षा, उसाचं गुऱ्हाळ, माणसांचा महापूर, आणि माझ्या लेखी तिथे काहीच नव्हतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा गोंधळलो.

उत्कर्षा काही आठवडे नेमाने धावली. नंतर तिचे फोन सकाळी लवकर सुरू व्हायला लागले आणि माझी रवानगी जुन्या चार्जरांच्या ड्रॉवरमध्ये झाली. माणसं व्यायामाची वस्तू घेतात तेव्हा त्यांना व्यायाम झाल्यासारखंच वाटत असावं. तिथून मला बाहेर काढलं ते तिच्या मावशीने, म्हणजे वासंतीबाईंनी. त्यांचं बिबवेवाडीत झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. घड्याळाची हौस म्हणून त्यांनी मला मागितलं नव्हतं. त्यांनी एक शब्द दिला होता.

त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर यमुनाबाई राहतात. वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. कात्रजच्या पलीकडे मेंढी नावाची एक टेकडी आहे. तिच्या पायथ्याच्या वस्तीवर यमुनाबाईंचं माहेर होतं. लहानपणी त्या टेकडीवर शेळ्या चारायच्या. आता गुडघे बदलायची तारीख ठरली होती आणि यमुनाबाईंनी एकच हट्ट धरला होता.

"सायबानं पाय कापायच्या आदी मला एकदा मेंढीवर जायाचं हाय. मागनं उठले न्हाई तर?"

"पाय कापत नाहीत हो, गुडघे बदलतात," वासंतीबाई म्हणाल्या.

"त्येच ते. तू नेतीस का न्हाई, ते सांग."

"नेते."

झालं. शब्द तर गेला, पण वाट कुणाला माहीत होती? जुनी वस्ती उठलेली, तिकडे नवे रस्ते, कुंपणं, फाटकं. म्हणून नकाशा हवा होता, आणि म्हणून मी.

रविवारी दुपारी उत्कर्षा लॅपटॉप घेऊन आली. हौशी लोकांनी मिळून बनवलेला एक फुकट नकाशा तिने उतरवून घेतला होता. फाइल भलीमोठी, माझी केबल दोऱ्याएवढी. मला लॅपटॉपला जोडलं, युरोप पुसला आणि महाराष्ट्र माझ्यात उतरायला लागला.

"मावशी, केबलला हात लावू नकोस."

"लावत नाहीये. बघतेय."

"बघताना पण हलतेय ती."

चहा झाला, दुसरा चहा झाला, तेव्हा कुठे काम संपलं. उत्कर्षाने नकाशा चालू केला आणि बोटाने सरकवत कात्रजच्या पलीकडे नेला. तिथे ती होती. एकात एक तपकिरी वर्तुळं, मधोमध माथ्याचा त्रिकोण. यमुनाबाईंना मुद्दाम वर बोलावलं. त्यांनी मला डोळ्यांजवळ धरलं.

"ही व्हय माझी मेंढी? अंगठ्याच्या ठशावानी दिसतीया."

इतक्या चांगल्या शब्दांत मला आजवर कुणी वाचलेलं नाही. मला वाटलं, चला, आता आपण या गावचे झालो.

पण पुण्यात कुठलंही काम चार जणांच्या सल्ल्याशिवाय पूर्ण होत नाही. संध्याकाळी मंडळाचे ज्येष्ठ सभासद रंगराव यांनी वासंतीबाईंच्या फोनवर आणखी एक नकाशा पाठवला. 'माझा ताजा आहे. हाच वापरावा. बाकीचे कचरा,' असा सोबत मजकूर. उत्कर्षाने तोही भरला. त्यात रस्तेच रस्ते होते, उंचीच्या रेषा नव्हत्या.

"मावशी, एका वेळी एकच चालू ठेवायचा. नाहीतर एकावर एक उमटतात. तुला टेकडी हवीय ना? मग यांचा बंद करते."

"नको, नको. रंगराव भेटले की पहिला प्रश्न हाच, टाकलात का माझा? वर हातातलं घड्याळ उघडून बघतील. बंद दिसला तर दिवाळीपर्यंत ऐकवतील. राहू दे दोन्ही चालू."

"अगं, घड्याळाचा गोंधळ होईल."

"घड्याळाला काय मन आहे का?"

या प्रश्नावर मला बोलता आलं नाही, म्हणून आज बोलतोय. रंगरावांना वाईट वाटू नये म्हणून माझ्यात दोन नकाशे एकदम जागे ठेवले गेले. एकात टेकडीची वर्तुळं, आणि दुसऱ्यात त्याच वर्तुळांच्या पोटातून आरपार गेलेले सरळ, काटकोनात वळणारे रस्ते. डोंगराच्या आतड्यांतून रस्ते जातात कसे? बोगदे म्हणावेत तर इतके? उत्कर्षा म्हणाली, रंगरावांचा नकाशा चुकला असेल. वासंतीबाई म्हणाल्या, असेल बाई. विषय संपला.

निघालो ते तिघी आणि मी. तिसऱ्या सलीमाताई, वासंतीबाईंच्या दुकानाशेजारी ब्लाउज शिवणाऱ्या. पाण्याच्या बाटल्या आणि टोमणे त्यांच्याकडे होते. रिक्षा डांबर संपेपर्यंत आली. पुढे मोठं फाटक होतं. शेजारी एक पहारेकरी फोनवर जोरजोरात बोलत होता. त्याने हाताने 'जा आत, जा' केलं. यमुनाबाई काठी टेकत चालू लागल्या.

थोड्या वेळाने माझ्या काचेवर वर्तुळं दाट झाली. आता चढ लागणार. मी तसं दाखवलंही. पण हवेचा दाब हलेना. माझं एक अंग म्हणतंय चढतोयस, दुसरं म्हणतंय जागचा हललेला नाहीस.

"वासंतीताई, तुमचं घड्याळ म्हणतंय चढ आला," सलीमाताई म्हणाल्या. "माझे पाय म्हणतायत आपण शाळेच्या ग्राउंडवर आहोत. कुणाचं ऐकायचं?"

वासंतीबाईंनी मला बंद करून पुन्हा चालू केलं. हात उंच करून आभाळाला दाखवलं. फुंकर मारली. उपग्रह तेच सांगत होते, हवा तेच सांगत होती, आणि नकाशाही आपलं सोडत नव्हता. वासंतीबाईंच्या छातीचे ठोके वाढलेले मला कळत होते. त्यांनी शब्द दिला होता, आणि आता समोर टेकडीच सापडत नव्हती.

तेवढ्यात फोन संपवून पहारेकरी मागून आला. "प्लॉट बघायला आलात का मॅडम?"

"नाही. टेकडी बघायला. मेंढी कुठल्या बाजूला आहे हो?"

तो जरा विचारात पडला. "ती गेली ना."

"गेली म्हणजे?"

"मुरूम गेला. रोज ट्रक लागायचे. मी वाशीमकडून इथं कामाला आलो तेव्हा अर्धी होती. आता सगळं लेव्हल झालं. त्या कोपऱ्यात तेवढी एक उभी भिंत ऱ्हायली, तिकडं जाऊ नका, ढासळते."

टेकडी गेली. एखादा भाडेकरू खोली सोडून जावा तसं त्याने सांगितलं. टेकडी कुठे जाते? कुणाला विचारून जाते? मोजणाऱ्यांनी मोजली, नोंदणाऱ्यांनी नोंदली, आणि नेणारे दिवसाढवळ्या घेऊन गेले. आणि खोटं कोण बोललं, तर म्हणे घड्याळ.

काठीने पुढची वाट दाखवून यमुनाबाईंनी वासंतीबाईंना चालायची खूण केली. माझ्यातला बाण एकेक वर्तुळ ओलांडत गेला आणि आतल्या त्रिकोणावर थांबला.

"इथे," वासंतीबाई हळूच म्हणाल्या. "नकाशात माथा इथे आहे."

पायाखाली दाबून बसवलेला मुरूम होता. पांढऱ्या फक्कीने आखलेले चौकोन. एका खुंटीला लाल चिंधी.

"किती वर व्हता?"

वासंतीबाईंनी नकाशातली उंची बघितली, मग माझी बघितली. वजाबाकी केली आणि दूरच्या नव्या इमारतीकडे बोट दाखवलं. "त्या बिल्डिंगच्या सहाव्या मजल्याएवढा."

यमुनाबाईंनी कपाळावर हात धरून वर पाहिलं. वर ऊन होतं आणि मोकळी हवा. बराच वेळ त्या तिकडेच बघत राहिल्या. सलीमाताईंनी बाटली पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही.

मग काठी आडवी ठेवून, दोघींचा आधार घेऊन त्या जमिनीवर बसल्या. फक्कीच्या रेघेवरच.

पहारेकरी धावत आला. "आजी, प्लॉटमधी बसू नका. साहेब आले तर मला बोलतील."

"तुज्या सायबाला सांग, मी प्लॉटात न्हाई बसले," यमुनाबाई म्हणाल्या. "मी माथ्यावर बसलीया."

तो फाटकाकडे परत गेला.

पुढचं सांगतो, कारण निकाल त्यावर अडलाय. मंडळात ही गोष्ट गेली तेव्हा रंगराव म्हणाले, "टेकडी? उंचवटा होता तो. माझ्या मुलाने प्लॉट घेतलाय तिथे, मला सांगताय?"

"मग आधी का नाही बोललात?" वासंतीबाईंनी विचारलं.

"तुम्ही विचारलंत कुठे? आणि ताजा नकाशा दिला होता की. तुमचं घड्याळच जुनं काहीतरी धरून बसलं, त्याला मी काय करू?"

सगळे हसले. वासंतीबाई हसल्या नाहीत.

परवा उत्कर्षा येऊन गेली. तिने मला पुन्हा लॅपटॉपला जोडलं. "मावशी, टेकडीवाला काढते. त्यातल्या उंच्या वीसेक वर्षांपूर्वी आकाशातून मोजलेल्या आहेत. जिथे आता उभी भिंत आहे तिथे हा साधा उतार दाखवतो. उद्या कुणी यावर विसंबून गेलं तर पडेल."

तिचं खरं आहे. चालणाऱ्याला खड्ड्यात घालायचं हे माझं काम नव्हे. पण तो नकाशा गेला, की मेंढी होती असं सांगणारं माझ्यात काही उरणार नाही. उरतील रंगरावांचे काटकोनी रस्ते. मग मी अगदी अचूक होईन. या अचूकपणाची मला भीती वाटते.

नकाशा पुसला जायच्या आत वासंतीबाईंनी केबल काढली, मला मनगटावर चढवलं आणि तळमजल्यावर गेल्या. यमुनाबाईंचे गुडघे बदलून झालेत. वॉकर धरून त्या पॅसेजमध्ये चालतात आणि दमल्या की खुर्चीत बसून हात पुढे करतात. "दाव गं."

मग माझ्यावर ती वर्तुळं उघडतात, वरून रस्ते आडवेउभे जातात, आणि एक जाड, सुरकुतलेलं बोट रस्ते सोडून वर्तुळावर फिरत राहतं.

तेव्हा वाचकहो, एवढंच मागतो. जाणाऱ्याला वाट दाखवायला नवा नकाशा ठेवा, पण जुनाही पुसू नका. काचेवर गर्दी होईल, मी अडखळेन, लोक मला खोटा म्हणतील. म्हणू देत. एवढ्या शहाण्या शहरात मी गोंधळलेलाच बरा.