सज्ज्याखालचा तिसरा घोडा

मी एक जुना लाकडी घोडा आहे. पळणारा नव्हे. जुन्या इमारतीच्या सज्ज्याखाली भिंतीतून पुढे आलेला तिरका, कोरीव आधार तुम्ही पाहिला असेल. सुतार त्याला घोडा म्हणतात. सज्ज्याचं सगळं वजन आम्ही खांद्यावर घेतो. मित्रांनो, आज माझ्या खांद्यावर काहीच नाही. ते का, तेवढं ऐका.

सांगलीहून तासाभराच्या वाटेवर हळदीच्या पेठेचं आमचं गाव. पेठेतल्या जैन व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून वाचनालय बांधलं, तेव्हा आम्ही आठ भाऊ घडलो. सुताराने प्रत्येकाच्या पोटावर एक पोपट कोरला. माझ्या पोपटाची चोच त्याच्या हातून जरा मोठी झाली. भिंतीत शिरणाऱ्या आमच्या टोकावर त्याने पटाशीने आकडा खोदला आणि तोच आकडा भिंतीतल्या भोकाच्या कडेला, दगडावर. कोण कुठे बसायचा, यात चूक व्हायला नको म्हणून. मी तिसरा.

आमचा सज्जा नुसता शोभेचा नव्हता. रोज सकाळी पेठ उघडण्याआधी एकजण सज्ज्यात उभा राहून मोठ्याने पेपर वाचायचा. खाली पायऱ्यांवर हमाल, गाडीवान, हळद निवडायला आलेल्या बाया बसायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण जगात काय चाललंय ते ठाऊक असायचं. वाचणाऱ्यांच्या आठवड्याच्या पाळ्या असत. ज्याची पाळी, त्याचं नाव आतल्या फळ्यावर खडूने लिहीत.

त्या पायऱ्यांवर धोंडिराम नावाचा हमाल बसायचा. बौद्धवाड्यातला. पाठीवर क्विंटलाचं पोतं सहज घ्यायचा, पण अक्षर म्हटलं की मान खाली. चाळिशीला आल्यावर त्याने ठरवलं की शिकायचं. दादासो मास्तर तेव्हा पाळ्या लावायचे आणि बऱ्याचदा स्वतःच पेपर वाचायचे. वाचन झालं की तो त्यांच्याकडून पेपर मागून घ्यायचा आणि नुकत्याच ऐकलेल्या बातमीवर बोट ठेवून अक्षरं जुळवत बसायचा. लोक हसायचे. "धोंड्या, पेपर उलटा धरलाय रं," असं कोणीतरी रोज म्हणायचं. तो खरंच उलटा आहे का, ते बघायचा आणि पुन्हा बोट फिरवायचा. तीन वर्षं गेली. मग एक दिवस मास्तरांनी त्याला पानभर वाचायला लावलं आणि आत जाऊन फळ्यावर त्याचं नाव लिहिलं. येत्या सोमवारपासून आठवडाभर धोंडिरामची पाळी.

बौद्धवाड्यातलं कोणी त्या सज्ज्यात अजून उभं राहिलं नव्हतं. त्याची बायको पारूबाई हिने त्याचा सदरा दोनदा धुतला.

शुक्रवारी रस्तारुंदीची माणसं आली. सज्जा रस्त्यावर येतो, असं त्यांच्या नकाशात होतं. दुपारपर्यंत आम्ही आठही खाली पडलो. सात भाऊ पावाच्या भट्टीत गेले. मला धोंडिरामने पाठीवर घेतलं आणि घरी नेलं. का नेलं, ते त्याने कोणाला सांगितलं नाही. पाळीचं पुढे कोणी काही काढलं नाही. सज्जाच नाही, तर वाचायचं कुठून?

पुढची पस्तीस वर्षं फार सांगण्यासारखी नाहीत. काही वर्षं मी माळ्यावर होतो. मग घराची डागडुजी निघाली आणि मी शेळ्यांच्या खोपटात पत्र्याला टेकू म्हणून उभा राहिलो. टोक चिखलात, अंगावर शेण. टोकाला वाळवी लागली. तरी आकडा शाबूत होता, आणि भिंतीतला चुना त्याच्या खाचेत घट्ट धरून होता.

गेल्या वर्षी वाचनालय वारसा यादीत आलं. धोंडिरामची नात आम्रपाली सांगलीला विश्रामबागेत एका वास्तुविशारदाकडे नोकरीला आहे. नियम तिने शोधून काढला. रस्त्याच्या कडेपासून दीड मीटरच्या आत नवीन काही बांधता येत नाही. पण वारसा यादीतल्या इमारतीचा गेलेला भाग पुन्हा बसवता येतो. तो जिथे होता तिथेच, जेवढा होता तेवढाच. मात्र तो होता, याचा पुरावा द्यावा लागतो. फोटो किंवा मूळ तुकडा. पुरावा नसेल, तर ते नवीन बांधकाम.

फोटो एकच सापडला. त्यात कुणा पुढाऱ्याचा सत्कार चालला होता आणि सज्जा सगळा मंडपाच्या कापडाआड.

मग वाचनालयाचे चिटणीस शांतिनाथअण्णा बौद्धवाड्यात आले.

"धोंडिरामदादा, तो घोडा हाय का अजून?"

"हाय की. शेरडांच्या खोपटात हाय."

"न्हाई म्हंजे, जळणात गेला आसंल आसं वाटलं."

"जळणात घालायला पाठीवर आनला न्हवता, अण्णा."

अण्णा खोपटात वाकून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सज्जा झाला तर पैली पाळी तुमची. फळ्यावर मी लिवतो."

धोंडिराम तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा होता. त्या दिवसापासून तो रोज सकाळी दारात उभा राहून पेपर मोठ्याने वाचायला लागला. घसा बसायचा. पारूबाई म्हणायची, "हळू वाचा की, शेरडं बिचकत्यात." तो म्हणायचा, "खालच्या पायरीपतुर ऐकू जायाला पायजे."

तपासणीची तारीख ठरली. वारसा समितीच्या बाई साताऱ्याहून येणार होत्या. आणि इथेच, मित्रांनो, माझा घात झाला. तो प्रेमानेच झाला.

या घरात एक शिस्त होती. कागदाच्या कामाला जायचं, तर धुतलेलं नेसून जायचं. रेशन कचेरी असो, शाळा असो की दवाखाना, मळकं कापड घालून कोणी उंबरा ओलांडला नाही. लोकांनी मळक्या कापडावरून त्यांना पुष्कळ ऐकवलं होतं.

पारूबाई म्हणाली, "आवं, बाईसाहेबाम्होरं आसा शेणाचा नेणार व्हय त्येला?"

"मग काय करू?"

"तुमी सवता कवा तसं गेलाय का?"

दोघांनी मला खोपटातून काढलं, सोड्याच्या पाण्याने घासलं आणि रिक्षात घालून मिरजेला नेलं. तिथे तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत दस्तगीरचाचांची खोली आहे. धोंडिरामची त्यांची जुनी ओळख. तंबोऱ्याच्या भोपळ्यांची ओझी त्याने एके काळी स्टेशनवरून वाहिली होती.

चाचांनी मला मांडीवर घेतलं, बोटाने वाजवून बघितलं. "लाकूड लय भारी हाय. मागचं टोक तेवढं सडलंय."

"कायतरी करा चाचा. लाज जायाला नको."

"जोड कुठं हाय ते दाखवलंसा, तर तंबोरा बक्षीस," चाचा म्हणाले, आणि हसले.

त्यांनी खोटं सांगितलं नाही. सडलेलं टोक करवतीने काढलं, त्याजागी नवं सागवान असं बसवलं की नखालाही सांधा लागेना. मला घासून, लाखेचा लेप देऊन आरशासारखं केलं. पोपटाची चोच मोठी होती, तीही त्यांनी तासून नीट केली. कापलेलं टोक लाकूड चिकटवायचा सरस वितळवायच्या शेगडीत गेलं. आकड्यासकट, चुन्यासकट. मी ते जळताना पाहिलं. धोंडिराम तिथेच बसून चहा पीत होता आणि माझ्याकडे बघून त्याचे डोळे भरून आले होते. हात लावू नका, असं त्याला सांगायचं आम्रपालीला सुचलंच नव्हतं. घाण तशीच ठेवा, असं कोण कोणाला सांगेल?

बाई आल्या. भल्या होत्या. भिंतीतली आठ भोकं अजून उघडी होती, कडेचे आकडे वाचता येत होते. त्यांनी मला हातात घेतलं, उलटं केलं आणि टोकावरून बोट फिरवलं.

"बाबा, याचं जुनं टोक कुठे आहे?"

"सडलं हुतं, बाई. काडून टाकलं," धोंडिराम म्हणाला. पांढरा सदरा, पांढरं धोतर, ताठ उभा. "आता बगा कसा झालाय."

बाईंनी मला हलकेच खाली ठेवलं.

"मला तेच टोक हवं होतं," त्या म्हणाल्या. "त्यावरचा आकडा, चुना. ते असतं तर मी इथल्या इथे लिहून दिलं असतं."

"पर ह्यो त्योच हाय. मी सवता पाठीवर नेलाय."

"माझा विश्वास आहे, बाबा. कागदाला लागतो तो पुरावा."

आम्रपाली खाली बसली. शांतिनाथअण्णांनी टोपी काढून हातात धरली. धोंडिराम एकदा भिंतीतल्या तिसऱ्या भोकाकडे बघायचा, एकदा माझ्या चकचकीत टोकाकडे. मला वाचा असती, तर मी ओरडलो असतो की मीच तो. पण मित्रांनो, लाकडाला वाचा नसते. त्याच्या अंगावरच्या खुणाच बोलतात. माझ्या खुणा शेगडीत गेल्या होत्या.

महिन्याने पत्र आलं. धोंडिरामने ते दारात उभं राहून पारूबाईला वाचून दाखवलं. "सादर केलेला घोडा मूळ असल्याचे सिद्ध होत नाही. सबब प्रस्तावित सज्जा हे नवीन बांधकाम समजण्यात येत आहे." एकाही शब्दाला तो अडखळला नाही. पारूबाईने विचारलं, "म्हंजे काय?" त्याने पत्राची घडी घातली. "म्हंजे मी जाळला," तो म्हणाला.

पावसाळ्याआधी वाचनालयाची दुरुस्ती झाली. सज्जा व्हायचा नाही, तर भोकं उघडी ठेवून ओल कशाला आत घ्यायची, म्हणून आठही भोकं भरून भिंत सपाट केली. अण्णा त्या दिवशी पेठेत आले नाहीत.

आम्रपालीने एकदा विषय काढला. "आबा, पायरीवर उभं राहून वाचा. मी लोक गोळा करते."

"पायरी ऐकायला आसती, पोरी," तो म्हणाला. "तिथं मी वीस वर्षं बसलोय."

त्यानंतर त्याने मोठ्याने वाचणं सोडलं. हल्ली पेपर येतो, तो चष्मा लावतो, ओठही न हलवता वाचतो आणि बाजूला ठेवतो. मला पारूबाईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून कपाटावर ठेवलंय. खोपटात ठेवायला मी फार देखणा झालो आहे, आणि दुसऱ्या कशाच्या उपयोगाचा राहिलेलो नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली, तर तिला घासू नका. तिचं सडलेलं, मळलेलं तसंच राहू द्या आणि आधी जाणत्याला विचारा. जे तुम्हांला घाण वाटतं, तेच कधी कधी तिचं नाव असतं. आणि जाणत्यांनो, तुम्हीही आधीच सांगत जा. न शिकलेल्या माणसाला नियम कळतो, पण नियमाला काय हवं असतं, ते त्याला कोणी सांगत नाही. हे मी तुमच्यासाठी सांगतोय. धोंडिरामसाठी आता उशीर झाला आहे.