उलट फेरी

“काका, उद्यापासून बाणाच्या दिशेनंच चालायचं हं,” पायवाटेवर बाण रंगवून डबा खाली ठेवत बागेचा रखवालदार म्हणाला. “काल त्या पळणाऱ्या ताई तुमच्यावर आदळल्या, तेव्हापासून साहेबांनी माझं डोकं खाल्लंय.”

“मी कडेनं चालत होतो. चूक त्यांची.”

“असेल हो. पण सगळं जग एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे! असं का, ते तरी सांगा.”

“एकाच बाजूला वळत राहिलं की बुटांची एकच कड झिजते.”

“मग बूट बदला की!”

कॉलेजच्या प्रयोगशाळेत सारी नोकरी झालेल्या या निवृत्त साहाय्यकांना मुले मागून ‘मोजपट्टी’ म्हणत. बुटांचे कारण खोटे नव्हते, अपुरे होते. बाग झाल्यापासून वस्तीतले लोक चालायला लागले, हा नगरपालिकेचा दावा त्यांना मान्य नव्हता. हिरवळीमुळेच, हे सिद्ध कुणी केले? डॉक्टरांनी बजावूनही ते रस्त्यावर कधी चालले नव्हते आणि इथली एकही सकाळ चुकवत नव्हते, हे मात्र खरे. घोळक्याबरोबर चालले की पाठी दिसतात. उलट चालले की प्रत्येक फेरीत प्रत्येक चेहरा दोनदा समोर येतो. सापेक्ष वेगाचे साधे गणित. वकीलसाहेब मान हलवत, जुळ्यांची आजी “आलात का?” म्हणे. पत्नी गेल्यापासून दिवसभरात त्यांच्या वाट्याला येणारे बोलणे एवढेच.

दुसऱ्या दिवशी ते बाणाप्रमाणे चालले. सगळ्यांचा वेग जवळजवळ सारखा, त्यामुळे आजींची पाठ पुढे होती तेवढीच पुढे राहिली. कुणी भेटले नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी चाल मंद केली. दम लागल्याशिवाय चालण्याचा उपयोग नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. एकेक जण मागून येऊन पुढे जाऊ लागला. वकीलसाहेबांनी जाता जाता मान हलवली. मग आजी आल्या आणि थबकल्या.

“अहो, आज असे रेंगाळताय का? पाय दुखतोय?”

पाय ठणठणीत होता. प्रयोगशाळेत मापकाच्या काट्याने न दाखवलेला आकडा त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला लिहू दिला नव्हता.

“थोडासा,” ते म्हणाले.

“मग येते मी वळणापर्यंत. सावकाश चला.”

आजींनी आपली चाल कमी केली. दोन पावलांनंतर ते किंचित लंगडू लागले.